ताईच्या गाडीचं छत

ताईची गाडी काटकोनाला कधीच आवडली नव्हती, आणि हे त्याने लपवूनही ठेवलं नव्हतं. माणसं बसणार दोन, सामानाला जागा एका कलिंगडापुरती, आणि आत शिरायचं म्हणजे आधी पाय, मग कंबर, मग डोकं, असं हप्त्याहप्त्याने शिरायचं. "या गाडीत माणूस बसत नाही, ही गाडी अंगात घालतो," असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि ताई समोर असली तर जरा मोठ्याने म्हणायचा.

काटकोन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी तो दारात चपला काढायचा त्या भिंतीला बरोब्बर काटकोनात, म्हणून ताईने ते नाव ठेवलं. पुढे त्याने चष्म्यांचं दुकान काढलं, चालवलं, म्हातारपण जवळ आल्यावर देऊनही टाकलं, पण नाव काही सुटलं नाही. त्याची बायकोसुद्धा कौतुकाने किंवा वैतागाने त्याला त्याच नावाने हाक मारायची. कौतुक की वैताग, हे त्याला इतक्या वर्षांनीही नीट कळत नसे.

ताई त्याच्याहून मोठी. तिने जन्मभर तलावावर पोरांना पोहायला शिकवलं. तिची पद्धत सोपी होती. आधी ढकलायचं, मग समजावून सांगायचं. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. चाळिशीत लोक सोनं घेतात, जागा घेतात. तिने कुणाची तरी वापरलेली, मोरपंखी रंगाची, जमिनीला पोट लावून पळणारी ही स्पोर्ट्स कार घेतली. घरी आणून भावाला म्हणाली, "बस." तो बसला, कोपऱ्यापर्यंत जाऊन आला, उतरला, आणि त्यानंतर काही ना काही निमित्त काढून त्याने पुन्हा बसायचं टाळलं. त्याची स्वतःची गाडी पांढरी होती, गिअर आपले आपण बदलायची आणि कुणाच्या नजरेत भरायची नाही. गाडीकडून त्याची एवढीच अपेक्षा होती.

एके दिवशी सकाळी ताईचा फोन आला. "येतोस का जरा? गाडी विकायची म्हणतेय."

काटकोनाने हातातला कप अर्धा ठेवला आणि पायात चपला सरकवल्या. बायकोने विचारलं, "काय, आग लागली का कुठे?"

"लागलेली होती. आता विझतेय," असं म्हणून तो गेला.

ताई घराखाली गाडीपाशीच उभी होती. डोक्यावर टोपी होती. विकण्याचं ऐकून झालेला आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून काटकोनाने चष्मा काढून पुसायला घेतला.

"पुसू नकोस, दिसला," ताई म्हणाली. "एक दातांचे डॉक्टर बघायला येणार आहेत. त्यांना घाई नाही. इंजिनाची काळजी नाही, बाहेरूनही बरी आहे. पण दार उघडलं की लाज जाते. आतलं सगळं गळायला लागलंय. ते तेवढं बघण्यासारखं करून दे."

"तूच का नाही करत? सगळं तर तूच करतेस."

"कारण तू घरी बसून चपला मोजतोस."

काटकोनाने दार उघडलं. दार उघडलं खरं, पण त्याचं आतलं आवरण, हात ठेवायच्या कठड्यासकट, अलगद सुटून त्याच्या छातीवर आलं, बऱ्याच वर्षांनी भेटलेला नातेवाईक गळ्यात पडावा तसं. आवरणाखालचा पुठ्ठा ओल खाऊन फुगला होता आणि ज्या क्लिपांनी तो दाराला धरून ठेवायचा त्या कधीच तुटल्या होत्या. "त्याला मांडीने दाबून धरायचं असतं," ताई म्हणाली. "सवय होते."

त्याने आत डोकं घातलं. छताचं कापड भरल्या पोटासारखं खाली आलं होतं आणि ताईने ते केसांच्या आकड्यांनी आणि टाचण्यांनी जागोजाग वर टोचून ठेवलं होतं. कापडामागच्या फोमचा भुगा झाला होता. काटकोनाने एका टाचणीला हात लावला तसा पिवळा भुगा त्याच्या चष्म्यावर आणि मिशीवर पडला. ताईच्या टोपीचं रहस्य तेव्हा त्याला कळलं. शेजारचे लोक मात्र या वयातही बाई काय ऐटीत राहतात म्हणून कौतुक करायचे.

डॅशबोर्डवरच्या बटणांची आणखी वेगळीच तऱ्हा. त्यांच्यावर कोणे एके काळी मऊ, रबरासारखा लेप होता. तो आता उन्हात विसरलेल्या च्युइंगमसारखा झाला होता. काटकोनाने रेडिओचं बटण दाबलं आणि बोट मागे घेतलं, तेव्हा बटण थोडं अंतर बोटाबरोबर आलं आणि मग नाइलाजाने परत गेलं. बोट काळं झालं.

"हे कधीपासून असं?"

"हळूहळू झालं. माणसाचं होतं तसंच."

"माणसाला टाचण्या मारून उभं करत नाहीत, ताई."

"मग ते दातांचे डॉक्टर दिवसभर काय करतात?"

काटकोनाने काळं बोट रुमालाला पुसलं. त्याने काम अंगावर घेतलं. जितक्या लवकर गाडी सुधारेल तितक्या लवकर ती जाईल, हा त्याचा सरळ हिशोब होता.

तो दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ताईकडे जायला लागला. दुकानातले जुने ट्रे त्याने माळ्यावरून काढले होते. ज्यांत चष्म्यांचे स्क्रू राहायचे त्यांत आता गाडीचे स्क्रू ओळीने निजले. जुनं प्लॅस्टिक वाळक्या पानासारखं कडकड मोडायचं, म्हणून ते सोडवण्याआधी त्याने बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणून त्याला ऊब द्यायला सुरुवात केली. ऊब मिळाली की प्लॅस्टिक जरा नरमायचं आणि क्लिप शाबूत निघायची. ताई पायरीवर खुर्ची टाकून बसायची आणि बघायची.

"बायकोचे केस कधी इतक्या मायेने वाळवलेस का रे?"

"ती तुटत नाही," काटकोन म्हणाला. ताईने हे वाक्य संध्याकाळी फोन करून जसंच्या तसं त्याच्या बायकोला सांगितलं. पुढे दोन दिवस ड्रायर मिळाला नाही.

बटणांना त्याने स्पिरिट वापरलं. फडकं भिजवायचं, हलक्या हाताने फिरवायचं, काळा चिकटा फडक्यावर उतरतो आणि खालून टणक, स्वच्छ प्लॅस्टिक निघतं. पहिलं बटण असं उजळ निघाल्यावर काटकोनाला जो आनंद झाला तो त्याने कुणाला सांगितला नाही. सकाळभर तो बटणं पुसत बसला. फडकी काळी होत गेली, बटणं चकाकायला लागली, आणि सगळी झाल्यावर मागे सरून त्याने पाहिलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की लेपाबरोबर बटणांवरची चित्रंही पुसली गेली आहेत. दिव्याचं चित्र नाही, पंख्याचं नाही, काच पुसण्याचं नाही. सगळी बटणं एकजात कोरी.

"करायला गेलास काय आणि झालं काय," ताई म्हणाली. पण ती रागावली नाही. "मला सगळी पाठ आहेत. मी सांगते, तू काढ."

मग दुकानात भिंगाखाली काम केलेल्या त्या हाताने एका केसाच्या ब्रशने एकेक बटणावर पांढरी चित्रं काढली. ताई डोळे मिटून, हवेत बोटं फिरवून आठवत होती. तिच्या डोक्यात नावं नव्हती, बोटांत जागा होत्या. एकदोनदा ती अडखळली आणि म्हणाली, "असू दे, हेच असणार." काटकोनाच्या स्वभावाला 'असणार' हा शब्द मानवणारा नव्हता, पण दिव्याचं चित्र इतकं सुबक उठलं होतं की ते पुसायचं त्याच्या जिवावर आलं.

छत सगळ्यांत अवघड. त्याची पाटी, म्हणजे ज्या साचेदार पुठ्ठ्यावर कापड चिकटवलेलं असतं ती, अख्खी बाहेर काढावी लागली. दोन्ही सीटा आडव्या करून, ऊन अडवायच्या झडपा आणि आतला दिवा काढून, मागच्या झाकणातून ती एखाद्या आजाऱ्याला स्ट्रेचरवरून काढावं तशी निघाली. ताईकडे ती ठेवायला जागा नव्हती. म्हणून ती काटकोनाच्या जेवणाच्या टेबलावर आली, आणि तो, बायको आणि मुक्कामाला आलेली मेहुणी, असे तिघंही मांडीवर ताटं घेऊन जेवायला लागले.

"सवत आणतात लोक," बायको बहिणीला म्हणाली, "पण निदान ती टेबलावर झोपत नाही."

काटकोन मऊ ब्रशने जुना भुगा झाडत राहिला. भुगा उडून आमटीत जाऊ नये म्हणून बायको ताटावर हात धरायची, आणि तरीही, पाटी स्वच्छ झाली त्या दिवशी नवं कापड कुठलं घ्यायचं हे ठरवायला तीच बरोबर गेली. राखाडी घ्यायचं म्हणून त्याने हट्ट धरला. तिने फिकट बदामी घेतलं. त्याच रंगाचा फोम मागे लावलेलं, बोट दाबलं तर हळूच वर येणारं. दुकानदाराने एक चिकटद्रव्याचा डबाही दिला. "याने काहीही चिकटतं," तो म्हणाला. काटकोनाने विश्वास ठेवला. पाटीला आणि कापडाला दोन्हीकडे लेप दिला, थोडं सुकू दिलं, मग मधून कडेकडे हात फिरवत कापड असं बसवलं की एक सुरकुती दिसेना. बायकोने त्यावरून हात फिरवून पाहिला आणि काहीच बोलली नाही. तिच्याकडून यापेक्षा मोठी पावती मिळत नसे.

पाटी परत बसली त्या दुपारी ताई म्हणाली, "चल, एक फेरी मारून येऊ."

काटकोन नाही म्हणणार होता. पण छत त्याचं होतं. तो पाय, कंबर, डोकं अशा क्रमाने आत गेला आणि मान मागे टाकून वर बघत बसला. रस्ता त्याने पाहिलाच नाही. ऊन चांगलंच तापलं होतं. बाजारातला मोठा रस्ता लागला तेव्हा त्याला मागच्या कोपऱ्यात कापडाचा एक फुगा दिसला. त्याने बोटाने तो दाबला. फुगा सरकून पुढे आला. मग दुसरा. मग डोळ्यांदेखत अख्खं छत सावकाश, आवाज न करता, मच्छरदाणी सोडावी तसं दोघांच्या डोक्यावर आलं.

"काटकोन, मला दिसत नाहीये," ताई अगदी शांतपणे म्हणाली.

त्याने दोन्ही हात वर करून कापड उचलून धरलं. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईंनी आत पाहिलं. दोन्ही हात वर करून बसलेला एक म्हातारा आणि शेजारी टोपी घातलेली एक करारी म्हातारी, हे बघून त्यांनी आपली काच घाईघाईने वर केली.

"त्यांना वाटलं मी तुला पळवून नेतेय," ताई म्हणाली. "हात खाली घेऊ नकोस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या गाडीच्या उपयोगी पडतोयस."

काटकोन हसला, आणि हसता हसता त्याने खाली पाहिलं. आता रस्त्याकडे बघायला त्याला वेळ होता, कारण वर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि मग त्याला दिसलं की ताई एकाच हाताने गाडी चालवतेय. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता. चौकातल्या गोल वळणावर ते जड चाक फिरवताना तिने तो उचलून चाकावर नेला, आणि तिचा खालचा ओठ दातांखाली गेला. वळण संपल्यावर हात पुन्हा मांडीवर आला. गिअर टाकायला तिने डावा हात चाकावरून काढला तेवढा वेळ ती चाक गुडघ्याने धरून होती.

"ताई, खांदा?"

"कापड धर."

घरापाशी फाटकातून गाडी आत घ्यायला एकदम मोठं वळण घ्यावं लागे. ती तिथे थांबली. इंजिन चालू होतं. ती समोर बघत बसली, मग एक श्वास घेऊन दोन्ही हातांनी चाक फिरवलं, आणि काटकोनाने बहिणीच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा कण्हण्याचा आवाज ऐकला. तिला खोकल्याचं निमित्त करायचं होतं, पण ते जरा उशिरा सुचलं.

गाडी बंद झाल्यावरही तो हात वर करून तसाच बसला होता.

"सोड आता. पोचलो."

"आतलं गळतंय म्हणून विकतेस ना?" त्याने विचारलं.

"गळतंयच की. आत्ता तुझ्या डोक्यावर गळलं."

"ताई."

तिने टोपी काढली. "सगळ्या पोरांना याच हाताने पाण्यात ढकललं आणि याच हाताने वर ओढलं. तो आता म्हणतो, पुरे. हाडांचे डॉक्टरही तेच म्हणतात. साधी गाडी चालवता येईल, हलक्या चाकाची. तुझ्यासारखी." हे शेवटचे शब्द तिने असे उच्चारले की जणू डॉक्टरांनी तिला पातळ खिमट लिहून दिलं होतं. "गाडीचं दुखणं सांगायला सोपं जातं. त्याला कुणी कपाळाला हात लावून बघत नाही."

काटकोन घरी आला. संध्याकाळी त्याने चिकटद्रव्याचा डबा उजेडात धरला. मागच्या बाजूला, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की हे उन्हात तापणाऱ्या जागी वापरू नये.

"आयुष्यभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावलीस," बायको म्हणाली, "आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा?" पण त्याचा चेहरा बघून तिने डबा त्याच्या हातातून घेतला आणि त्याच्याशेजारी बसली. मग त्याने तिला खांद्याचं सांगितलं.

टेबलावर पुन्हा पाटी आली. या वेळी उष्णतेला टिकणारं चिकटद्रव्य त्याने तीन दुकानं फिरून आणलं आणि डबा पुढून, मागून, तळापासून वाचला. कापड बसल्यावर पाटी दिवसभर गच्चीत उन्हात ठेवली आणि दर थोड्या वेळाने जिना चढून तिची विचारपूस केली. कापड तसूभरही हललं नाही.

खरं म्हणजे काम तिथे संपायला हवं होतं. पण काटकोनाला आता दाराची आवरणं तशीच दाबून बसवणं पटेना. फुगलेल्या पुठ्ठ्यावरून त्याने नव्या पातळ फळीवर आकार काढून घेतला, कापला, ओल लागू नये म्हणून रंगवला, आणि जुनंच रेग्झीन जपून सोडवून त्यावर ताणून बसवलं. मग सीटची उसवलेली शिवण त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली. जुन्या भोकांतूनच नवा दोरा घालायचा, एकही भोक वाढवायचं नाही, असं व्रत घेऊन तो सुई चालवत बसला. दातांच्या डॉक्टरांचा फोन आला की तो खुणेने ताईला सांगायचा, अजून नाही म्हण.

"शिवण राहिलीये म्हणतोय माझा भाऊ," ताई फोनवर सांगायची. फोन ठेवून ती त्याच्याकडे बघायची. "काय रे, आग विझवायला आला होतास ना? की शेकत बसलास?"

"अर्धवट काम मला आवडत नाही."

"हो, तेच असणार," ताई म्हणाली.

शेवटी एका रविवारी डॉक्टर आलेच. उंच, हसतमुख, चाळिशीच्या आसपासचे. ताईला बघून त्यांनी आपोआप हात शरीराला चिकटवले आणि ताठ उभे राहिले.

"तुम्ही मला ओळखलं नसेल. लहानपणी तुम्ही मला तलावात ढकललं होतं."

"पोहता येतं ना आता?"

"येतं."

"मग झालं तर," ताई म्हणाली आणि गाडीकडे वळली.

डॉक्टर गाडीभोवती फिरले, वाकून चाकं पाहिली, आत बसले. छताकडे बघून म्हणाले, "वा, आतून तर नवीकोरी ठेवलीये."

आता काटकोनाने 'हो' म्हणायचं एवढंच काम होतं. पण आयुष्यात त्याला चष्म्याचा खोटा नंबर काढता आला नव्हता, आणि त्या दिवशी तर खरं बोलायला त्याची जीभ नुसती शिवशिवत होती. "नवीकोरी कसली," तो म्हणाला. "छत एकदा आमच्या डोक्यावर पडलंय. बटणांवरची चित्रं मी हाताने काढलीत, बरोबर असतीलच असं नाही. डॅशबोर्डला ही चीर आहे, ती बुजवता येत नाही, उन्हात वाढते. आतला दिवा लागला तर लागतो. सीटची शिवण माझी आहे, मी शिंपी नाही. आणि पावसात पायाशी ओल येते, कुठून ते अजून सापडलेलं नाही."

ताई दोन्ही भुवया वर करून ऐकत होती.

डॉक्टरांचा चेहरा पडायला हवा होता. तो उजळला. "इतकं खरं सांगणारा माणूस मी गाड्या बघायला लागल्यापासून भेटला नाही. आता मला दुसरीकडे बघायचंच नाही. घेतली समजा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं काटकोनाच्या मनात आलं. त्याने बाजी सावरण्यासाठी, निदान दिवे तरी दगा देतील या आशेने, दिवे लावून दाखवतो म्हटलं. डॉक्टर समोर जाऊन दिवे बघायला बॉनेटवर वाकले. काटकोनाने ते सुबक दिव्याचं बटण दाबलं आणि काच धुवायच्या पाण्याची एक नेमकी चिळकांडी डॉक्टरांच्या चेहऱ्यावर उडाली.

"मी म्हटलं होतं, असणार," ताई म्हणाली. "काही हरकत नाही. माझ्याकडे आलेला कुणी कोरडा गेलेला नाही."

डॉक्टर रुमालाने तोंड पुसत खळखळून हसले. माणूस चांगला होता. काटकोनाला त्याचाच जास्त त्रास झाला. मग ते उत्साहाने सांगायला लागले, की तसंही आतलं सगळं ते काढूनच टाकणार आहेत. काळं चामडं, कडेने निळे दिवे, मोठा पडदा, नवं चाक. जुनं काही ठेवायचं नाही. बोलता बोलता त्यांनी दाराच्या आवरणावर बोटांनी टकटक केलं, ज्याचं जुनं रेग्झीन काटकोनाने जपून सोडवून पुन्हा ताणून बसवलं होतं.

काटकोनाने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. पुसतच राहिला.

"मी चालवीन," तो म्हणाला.

"काय?" ताई.

"गाडी. मी चालवीन. तू बाजूला बस."

"तुला गिअर टाकता येत नाही."

"शिकेन."

"कोण शिकवणार?"

हा प्रश्न ऐकून डॉक्टरांनी रुमाल खाली घेतला आणि कळकळीने म्हणाले, "काका, एक सुचवू? दुसऱ्या कुणाकडून शिका."

ताईचा आवाज जरा बदलला. "तुला ही गाडी आवडत नाही, काटकोन."

"नाहीच आवडत," तो म्हणाला. "पण कुणी तिच्यात निळे दिवे लावलेले मला आवडणार नाही."

डॉक्टर समजुतीचे निघाले. ते चहा घेऊन गेले आणि जाताना म्हणाले की गाडीने पुन्हा कधी मान टाकली तर पहिला फोन त्यांना करावा. ताईने त्यांना दात दाखवायला येईन म्हणून सांगितलं. त्या वाक्याचे दोन अर्थ होतात हे त्यांना फाटकापाशी गेल्यावर कळलं असावं, कारण ते तिथे थांबून एकदा मागे वळले.

शिकवणी सुरू झाली ती सकाळच्या वेळी, तलावामागच्या रिकाम्या मैदानात. ताईची पद्धत बदललेली नव्हती. पहिल्याच दिवशी तिने किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "जा." गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. ती पुन्हा उडाली, पुन्हा बंद पडली. काटकोनाचा घाम छताला लागला. "छत घट्ट आहे," ताईने वर हात लावून सांगितलं. "आज तेवढं एक काम नीट झालेलं दिसतंय."

पण ती बाजूच्या सीटवर कधी बसलीच नव्हती, आणि ते तिला जड जात होतं, हे काटकोनाला दिसत होतं. तिचा डावा पाय तिथे नसलेला क्लच दाबायचा. डावा हात त्या बाजूला नसलेल्या गिअरकडे जायचा. एकदा तो नीट वळला तेव्हा त्याने शाबासकीसाठी तिच्याकडे पाहिलं, तर ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे डोळे भरलेले होते. त्याने गाडी मुद्दाम बंद पाडली. तिला रागवायला काहीतरी मिळालं, आणि मग ठीक झालं.

रस्त्यावर जायला त्याला बरेच दिवस लागले. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. इतकी पळणारी गाडी इतक्या सावकाश जाताना त्यांनी कधी बघितली नव्हती. एकदा तर एक सायकलवाला त्यांना ओलांडून पुढे गेला आणि सहानुभूतीने हात करून गेला. बायकोला हे कळलं तेव्हा तिने काही दिवस जेवायला वाढताना "सावकाश, घाई नाही" म्हणायचा नेम धरला. तिलाही एकदा फेरी हवी होती. ताईने तिला सीट देऊ केली आणि स्वतः घरी थांबली. बायको परत आली ती छताच्या रंगावर खूश होऊन. चालकाबद्दल तिने मत राखून ठेवलं.

ताईला खांद्याच्या व्यायामाला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जावं लागायचं. काटकोन तिला त्याच गाडीतून न्यायला लागला. अशाच एका दिवशी परत येताना संध्याकाळचं कोवळं ऊन काचेतून आत आलं होतं. बदामी कापडाचा उजेड आत पसरला होता. ताईची व्यायामाला आणि तिथल्या बाईंना नावं ठेवून झाली, मग रस्त्यावरच्या लोकांना ठेवली, आणि मग बराच वेळ तिचा आवाज आला नाही. काटकोनाने चोरून पाहिलं. ती झोपली होती. टोपी मांडीवर, डोकं काचेला टेकलेलं, डावा हात दाराच्या कठड्यावर, आणि दुखरा हात टोपीवर नीट विसावलेला.

घराचं फाटक समोर आलं होतं. तो आत वळला नाही. गाडी बंद पडू नये म्हणून श्वास रोखून तो सरळ पुढे गेला, तलावाला वळसा घातला, मैदानाच्या कडेने आला, आणि फाटकावरून पुन्हा पुढे गेला. कुणी बघितलं तर काय म्हणेल, हा विचार त्याच्या डोक्यात आला, पण टिकला नाही. तिसऱ्या वळणाला इंजिन जरा तक्रार करायला लागलं. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

"तिसरा टाक," ताई डोळे न उघडता म्हणाली. "कधीची ओरडतेय ती."

त्याने तिसरा टाकला. जरा खडखडला, पण बसला.

"आणि आणखी एक फेरी मार," ती म्हणाली.